छोटा ट्रॅक्टर : आधी कागद वाचा, मग सही करा



आज आपण छोट्या ट्रॅक्टरची माहिती वाचणार आहोत. ट्रॅक्टर तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. कित्येकांनी चालवलाही असेल. पण ट्रॅक्टरचा कागद किती जणांनी वाचला आहे? ट्रॅक्टर विकणारा एक गुळगुळीत, रंगीत कागद हातात देतो. त्यावर पुढे सुंदर चित्र असते आणि मागे बारीक अक्षरांत आकडे असतात. आपण चित्र पाहतो. आकडे तसेच राहतात. खरा ट्रॅक्टर त्या आकड्यांत असतो.

चिखली हे आमचे गाव इंद्रायणीच्या काठी आहे. १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले. रस्ते झाले, कारखाने आले, उंच इमारती आल्या. वावरे मात्र लहान होत गेली. काही जमीन विकली गेली, काही रस्त्यात गेली. उरली ती भावाभावांत वाटली गेली. पूर्वी ज्या रानात बैलांच्या दोन जोड्या चालत, तिथे आता एका अंगाला पत्र्याची शेड आणि दुसऱ्या अंगाला इमारतीची भिंत दिसते. मधल्या तुकड्यात मेथी, कोथिंबीर, कांदा उभा असतो.

अशा तुकड्यात मोठा ट्रॅक्टर वळत नाही. बैल तर घरोघरचे गेले. मग लोकांना छोटा ट्रॅक्टर हवासा वाटतो. ते बरोबरच आहे. पण कोणता? आणि घ्यावा की भाड्याने आणावा? हे ज्याचे त्याने ठरवायचे आहे. ठरवण्यासाठी कागद वाचता यायला हवा.

दादांचा कागद

आमच्या संध्याकाळच्या वर्गात एक शेतकरी जोडपे येत असे. त्यांना आपण दादा आणि वहिनी म्हणू. दोघेही पन्नाशीच्या आतबाहेर. दोघांनी एकाच वर्षी आमच्याकडे अक्षरे गिरवली.

शेजारच्या मोशीला डिसेंबरात ‘किसान’ नावाचे मोठे कृषी प्रदर्शन भरते. एका वर्षी दादा तिथे जाऊन आले. दुसऱ्या दिवशी वर्गात आले ते हातात घडी केलेला कागद घेऊन.

“गुरुजी, परवा बुकिंगला जायचंय. दहा हजार भरायचेत. तेवढा हा कागद नजरेखालून घाला.”

आम्ही म्हटले, “दादा, तुम्हाला आता वाचता येते. तुम्ही वाचा. आम्ही ऐकतो.”

दादा हसले. म्हणाले, “अक्षर लागतं, गुरुजी. अर्थ लागत नाही.”

वहिनी मागे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “तो माणूस म्हणत होता, सगळ्या कामाला चालतो. सगळ्या म्हणजे कोणत्या, ते काही ह्यांनी विचारलं नाही.”

आम्हाला एक जुनी गोष्ट आठवली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. सुरुवातीला शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमिनीला विष बाधेल अशी त्यांना भीती वाटत होती. त्या काळी लोक नव्या अवजाराला भीत असत. आज लोक नव्या अवजाराला भुलतात. भिणारा पारख करीत नाही आणि भुलणाराही करीत नाही. आपण पारख करू.

त्या रात्री वर्गात तो एकच कागद वाचला. आम्हालाही सगळे येत होते असे नाही. आम्ही जन्मभर शाळेत गणित शिकवले. इंजिनाचे ज्ञान आम्ही वर्कशॉपमधल्या मिस्त्रीजवळ बसून घेतले. जे कळले ते येथे क्रमाने सांगतो.

१. अश्वशक्ती, म्हणजे एच.पी.

कागदावर पहिला आकडा एच.पी.चा असतो. त्याला मराठीत अश्वशक्ती म्हणतात. ७५ किलोचे पोते एका सेकंदात १ मीटर उंच उचलायला जी शक्ती लागते, ती सुमारे १ अश्वशक्ती होय. एका माणसाला हे काम दिवसभर जमणार नाही. १५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर म्हणजे अशी १५ पोती दर सेकंदाला १ मीटर उचलण्याची ताकद.

छोटे ट्रॅक्टर बहुधा १५ ते ३० अश्वशक्तीचे असतात. मोठे ट्रॅक्टर ४०, ५० किंवा त्याहून जास्त अश्वशक्तीचे असतात.

येथे एक मेख आहे. कागदावर मोठ्या अक्षरांत असते ती इंजिनाची शक्ती. ती सगळी अवजारापर्यंत पोचत नाही. वाटेत गिअर, पंप वगैरे आपला वाटा घेतात. म्हणून कागदावर ‘पीटीओ एच.पी.’ असा आणखी एक आकडा असतो. अवजार फिरवायला खरी मिळते ती ही शक्ती. रोटाव्हेटर घेताना हाच आकडा पाहावा. रोटाव्हेटरच्या कागदावर तो किती शक्ती मागतो ते लिहिलेले असते. दोन्ही कागद शेजारी ठेवून ताडून पाहावे.

२. सिलिंडर, सीसी आणि फेरे

इंजिनाच्या ज्या नळकांड्यात डिझेल जळते त्याला सिलिंडर म्हणतात. त्यांची मिळून पोकळी किती, ते सीसी या मापात सांगतात. इंजिन मिनिटाला किती वेळा फिरते तो आकडा म्हणजे आर.पी.एम. आपण त्यांना फेरे म्हणू.

दोन उदाहरणे घेऊ. आकडे कंपन्यांच्या कागदावरचे आहेत. महिंद्राच्या ‘युवराज २१५’ या ट्रॅक्टरला १ सिलिंडर असून त्याची शक्ती १५ अश्वशक्ती आहे. कुबोटाच्या ‘बी २४४१’ या ट्रॅक्टरला ३ सिलिंडर असून त्याची शक्ती २४ अश्वशक्ती आहे.

एका सिलिंडरचे इंजिन साधे असते. ते उघडणे-जोडणे सोपे आणि खर्चही कमी. पण ते जास्त हादरते. तीन सिलिंडरचे इंजिन शांत चालते, पण किंमत जास्त. यात एक चांगला आणि दुसरा वाईट असे नाही. ज्याला रोज सहा तास बसायचे आहे त्याची निवड वेगळी. ज्याला आठवड्यातून दोन तास बसायचे आहे त्याची वेगळी.

३. गिअर

युवराजला पुढे जाण्याचे ६ व मागे येण्याचे ३ गिअर आहेत. बी २४४१ ला पुढचे ९ व मागचे ३. विकणारा सगळ्यांत जास्त वेग सांगतो. आपण सगळ्यांत कमी वेग विचारावा. रोटाव्हेटर हळू चालला तरच माती बारीक होते. फवारणी हळू झाली तरच औषध पानाला सारखे बसते. रस्त्यावर पळायला मोटारसायकल आहे. ट्रॅक्टर वावरात चालायला घ्यायचा असतो.

४. पीटीओ

ट्रॅक्टरच्या मागे एक दांडा बाहेर आलेला असतो. इंजिन त्याला फिरवते आणि तो अवजाराला फिरवतो. त्याला पीटीओ म्हणतात. कागदावर त्याच्यापुढे बहुधा ५४० लिहिलेले असते. याचा अर्थ तो मिनिटाला ५४० वेळा फिरतो.

आता गणित करू. मिनिटाचे सेकंद ६०. ५४० ला ६० ने भागा. उत्तर ९. म्हणजे एका सेकंदात ९ फेरे. दांडा २ इंच जाडीचा असेल तर त्याचा घेर सव्वासहा इंचांच्या आसपास होतो. ९ फेऱ्यांत तो साडेचार फुटांहून जास्त कापड गुंडाळतो. हे सारे एका सेकंदात. ‘अरे’ म्हणेपर्यंत उपरणे संपते.

आमच्या ओळखीच्या एका माणसाचे उपरणे असेच गेले. त्याने दांड्यावरचे झाकण ‘अडचण होते’ म्हणून काढून ठेवले होते. माणूस जगला. उजवा हात राहिला नाही. पुढे त्याने डाव्या हाताने सही शिकली. आम्हीच शिकवली.

म्हणून पाच गोष्टी पाळा. दांड्यावरचे झाकण कधी काढू नका. धोतराचा सोगा, उपरणे, पदर, ओढणी, सुटी वेणी घेऊन जवळ जाऊ नका. फिरता दांडा ओलांडू नका. अवजारात काही अडकले तर आधी इंजिन बंद करा, किल्ली खिशात घाला, मग हात घाला. मुलांना जवळ येऊ देऊ नका.

५. उचलण्याची ताकद

ट्रॅक्टर मागचे अवजार हायड्रॉलिकने उचलतो. युवराजच्या कागदावर ही ताकद ७७८ किलो लिहिली आहे, बी २४४१ च्या कागदावर ७५० किलो. वाचून वाटते की पाऊण टन सहज उचलेल. पण हे वजन जोडणीच्या दोन खालच्या दांड्यांच्या टोकाशी धरलेले असते. पाण्याने भरलेली घागर अंगाशी धरा, मग हात लांब करून धरा. घागर तीच, पण हात लांब केला की जड लागते. ट्रॅक्टरचेही तसेच. अवजार जितके मागे लांबट, तितकी ताकद कमी पडते आणि ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग ऐकत नाही.

६. रुंदी आणि वळण

आता सर्वांत कामाचे. वहिनी म्हणाल्या, “गुरुजी, विहिरीजवळची वाट अरुंद आहे. तिथून हा जाईल का?”

कागदावर रुंदी मिलिमीटरमध्ये असते. १ फूट म्हणजे सुमारे ३०५ मिलिमीटर, आणि १ इंच म्हणजे २५ मिलिमीटरहून किंचित जास्त. दुसऱ्या दिवशी दादा, वहिनी आणि आम्ही टेप घेऊन वावरात गेलो. एका बाजूला विहिरीचा कठडा आणि दुसऱ्या बाजूला नव्या इमारतीची भिंत. मधली वाट ४ फूट २ इंच भरली. मिलिमीटरमध्ये ती १,२७० झाली.

दादांच्या कागदावरच्या ट्रॅक्टरची चाके आतबाहेर करता येत होती. चाके आत घेतली तर रुंदी ९०० मिलिमीटर, बाहेर घेतली तर १,१००. दोन्ही तऱ्हांनी ट्रॅक्टर वाटेतून जात होता. दादा खूष झाले. मग वहिनींनी विचारले, “आणि मागचा रोटाव्हेटर?” कागदासोबत जो रोटाव्हेटर सांगितला होता, त्याची पूर्ण रुंदी १,३५० मिलिमीटर होती. तो जात नव्हता. ८० मिलिमीटर, म्हणजे सुमारे सव्वातीन इंच, आड येत होते. पलीकडच्या ३० गुंठ्यांत ट्रॅक्टर गेला असता आणि अवजार अलीकडे राहिले असते!

म्हणून ट्रॅक्टर एकटा मोजू नका. अवजार जोडून मोजा. त्या वाटेला ३ फुटी रोटाव्हेटरच हवा होता.

चाके आत घेण्याचेही एक दुखणे आहे. अरुंद ट्रॅक्टर ओळींतून छान जातो, पण उतारावर आणि बांधावर लवकर कलंडतो. माणूस पाय जोडून उभा राहिला तर एका धक्क्याने पडतो, पाय फाकून उभा राहिला तर पडत नाही. ओळीतले काम झाले की चाके पुन्हा बाहेर घ्यावीत. बांधावरून तिरके कधी जाऊ नये.

वळणाचा आकडाही पाहा. कागदावर वळणाची त्रिज्या लिहितात. त्रिज्या म्हणजे वर्तुळाचा अर्धा व्यास. २.४ मीटर लिहिले असेल तर ट्रॅक्टरला वळायला त्याच्या दुप्पट, म्हणजे ४.८ मीटर जागा लागते. ती झाली सुमारे १६ फूट. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. गुंठ्याची जवळजवळ अर्धी रुंदी वळण्यातच गेली. तुकडा लहान असेल तर हा आकडा अश्वशक्तीपेक्षा मोलाचा आहे.

७. दोन चाके की चार चाके

काही ट्रॅक्टरांची फक्त मागची दोन चाके इंजिनाच्या जोराने फिरतात. काहींची चारही फिरतात. चार चाकी ओढ ओल्या आणि भुसभुशीत रानात चांगली पकड घेते. तिची किंमत व दुरुस्ती जास्त.

पण ट्रॅक्टर कोणताही असो, रान फार ओले असताना आत घालू नये. वरचा चिखल निघून जातो, पण चाकाच्या वजनाने खालचा थर दगडासारखा घट्ट होतो. मग मुळे खाली जात नाहीत आणि पाणी मुरत नाही. वाफसा येईपर्यंत थांबावे. हे आपल्या वडिलांना कागदाशिवाय कळत होते.

८. कागदावर नसलेल्या गोष्टी

मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची संस्था आहे. ती ट्रॅक्टर तपासून अहवाल देते. त्या अहवालात मोजलेली शक्ती, डिझेलचा खर्च, उचलण्याची ताकद असे आकडे असतात. विक्रेत्याकडे हा अहवाल मागावा. मागायला लाजू नये. पैसे आपण देणार आहोत.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. आपल्या शेजारी आकुर्डीला फोर्स मोटर्स ही कंपनी आहे. ती पूर्वी ट्रॅक्टर विकत असे. २०२४ साली तिने ट्रॅक्टरचा धंदा थांबवला. कंपन्या धंदे बदलतात, त्यात वावगे काही नाही. पण ट्रॅक्टर आपल्या दारात पंधरा वीस वर्षे राहतो. त्याचे भाग कुठे मिळतील, मिस्त्री किती लांब आहे, हे घेण्याआधी विचारावे. जुना ट्रॅक्टर घेताना तर अवश्य विचारावे.

तिसरी गोष्ट पैशाची. सरकारी अनुदान हवे असेल तर महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर आधी अर्ज करावा. पूर्वसंमती आल्यावरच खरेदी करावी. घाईने आधी घेतला तर अनुदान हातचे जाते. तसेच २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिल हातात घेऊन तो आकडा स्वतः वाचावा.

चौथी गोष्ट जिवाची. चालकाच्या मागे लोखंडी कमान असलेला ट्रॅक्टर मिळतो. ट्रॅक्टर उलटला तर कमान त्याचे वजन झेलते. कमान असेल तर पट्टा बांधावा, म्हणजे माणूस कमानीच्या आत राहतो. कमान नसेल तर पट्टा बांधू नये. ओझे ओढायचे असेल तर ते मागे खाली असलेल्या ड्रॉबारलाच जोडावे. वर बांधले तर पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर मागे उलटतो. चालवणाऱ्याजवळ परवाना आणि ट्रॅक्टरचा विमा हवाच. चाकावरच्या पत्र्यावर माणसे बसवू नयेत.

हिशेब

आता शेवटचा आणि अवघड भाग. दादांचे रान २ एकर १० गुंठे. म्हणजे ९० गुंठे, तीन तुकड्यांत.

३ फुटी रोटाव्हेटर ताशी अडीच किलोमीटर चालला, तर तासाला सुमारे ८,२०० फूट जातो. ८,२०० गुणिले ३ म्हणजे २४,६०० चौरस फूट. एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. म्हणजे तासाला साडेबावीस गुंठे. पण वळणे आणि एकावर एक येणारे पट्टे यांत चौथा हिस्सा जातो. राहिले सुमारे १७ गुंठे. दादांच्या ९० गुंठ्यांना साडेपाच तास लागणार. वर्षात अशा सहा पाळ्या धरल्या तर ३३ तास. सऱ्या पाडणे, फवारणी आणि इतर कामे धरून आम्ही वर्षाचे ६५ तास धरले.

ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर मिळून ३ लाख ६० हजार धरले. दादांजवळ ६० हजार होते. कर्ज ३ लाख, मुदत पाच वर्षे, व्याज सोयीसाठी १२ टक्के धरले. पहिल्या वर्षी मुद्दल ६० हजार आणि व्याज ३६ हजार. एकूण ९६ हजार. ही रक्कम ६५ तासांवर वाटली, तर ताशी १,४७५ रुपयांच्या वर पडते. डिझेल आणखी वेगळे. १५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला जोराच्या कामात तासाला साधारण दीड ते अडीच लिटर लागते. विमा, तेल, टायर वेगळे.

दादा भाड्याच्या ट्रॅक्टरला त्या वेळी तासाला हजार रुपये देत होते. त्यात डिझेल आणि चालक दोन्ही आले. ६५ तासांचे झाले ६५ हजार.

वर्गात कोणी बोलेना. मग वहिनी म्हणाल्या, “पण गुरुजी, पाच वर्षांनी ट्रॅक्टर आपलाच राहील की.”

वहिनींचे म्हणणे खरे होते. भाडे दिले की पैसे संपतात. हप्ता दिला की शेवटी वस्तू राहते. व्याजही दरवर्षी कमी होत जाते. शिवाय भाड्याचा ट्रॅक्टर वाफशाच्या दिवशी वेळेवर येत नाही, तो तोटाही धरायला हवा. हे सारे आम्ही फळ्यावर दुसऱ्या बाजूला लिहिले. पण पहिल्या वर्षीचे ९६ हजार आणि डिझेल ९० गुंठ्यांतूनच निघायला हवे होते. भाजीचा भाव एकदा पडला तर हप्ता कशातून द्यायचा? कर्जाच्या कागदावर गहाण म्हणून तीच जमीन लिहिलेली होती. इतकी वर्षे राखलेली जमीन. दादांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

बांधापलीकडे

दादांच्या बांधाला लागून त्यांच्या थोरल्या भावाचे २ एकर १० गुंठे आहेत. त्यापलीकडे चुलतभावाचे २ एकर २० गुंठे. तिन्ही मिळून ७ एकर होतात. वाटणी झाल्यापासून दोघा भावांचे बोलणे नव्हते.

आम्ही फळ्यावर फक्त हिशेब मांडला. ७ एकरांना वर्षाचे सुमारे २०० तास. ९६ हजार भागिले २०० म्हणजे ताशी ४८० रुपये. डिझेल, तेल, विमा धरूनही भाड्यापेक्षा कमी. भावाकडे जा, असे आम्ही म्हटले नाही. ते आमचे काम नव्हते.

बुकिंगचा दिवस गेला. दादा गेले नाहीत. आठ दिवसांनी वहिनी थोरल्या जावेकडे गेल्या. बरोबर वही नेली होती. वहीत हिशेब त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवला होता. मोठ्या भावांनी तो दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, “चहा ठेव.”

लगेच सारे जुळले असे नाही. कोणाच्या नावावर घ्यायचा, आधी कोणाचे रान, डिझेल कोणी घालायचे, मोडला तर खर्च कोणाचा, यावर बरेच दिवस गेले. आम्ही एकच सांगितले, “जे ठरेल ते लिहा. तिघांनी वाचा. मग सह्या करा.” तसा करार झाला. पुढच्या दसऱ्याला ट्रॅक्टर दारात आला. रोटाव्हेटर ३ फुटी आला. तो विहिरीजवळून जातो.

ट्रॅक्टरच्या पेटीत एक वही असते. तारीख, कोणाचे रान, सुरू झाल्याचा आकडा, बंद झाल्याचा आकडा आणि डिझेल किती, अशी पाच घरे आहेत. मीटरवरचे तास पाहून जो चालवतो तो लिहितो. महिन्याच्या शेवटी वहिनी बेरीज करतात. पहिल्या वर्षी दोनदा भांडण निघाले. दोन्ही वेळा वही उघडली आणि भांडण तिथेच संपले.

बंधूंनो, भगिनींनो, तुमचे गणित दादांच्या गणितासारखे असेलच असे नाही. कोणाला एकट्याला ट्रॅक्टर परवडेल. कोणाला भाड्याचाच बरा पडेल. आकडे आपले आपण घाला. पण सही करण्यापूर्वी कागद वाचा, टेप घेऊन वावरात जा, आणि हिशेब घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. पूर्वी आपण अंगठा देत होतो, कारण वाचता येत नव्हते. आता वाचता येते. न वाचता केलेली सही आणि अंगठा यांत फरक नाही.

शब्दांचे अर्थ

अश्वशक्ती – यंत्राची ताकद मोजण्याचे माप, एच.पी.
पीटीओ – अवजार फिरवणारा ट्रॅक्टरमागचा दांडा
त्रिज्या – वर्तुळाच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर
ड्रॉबार – ओझे ओढण्यासाठी मागे खाली असलेली लोखंडी पट्टी
वाफसा – मशागतीला योग्य अशी जमिनीतली ओल
पूर्वसंमती – खरेदीच्या आधी मिळणारी सरकारी मंजुरी
मुद्दल – व्याज सोडून कर्जाची मूळ रक्कम

सांगा आणि लिहा

१. इंजिनाची शक्ती आणि पीटीओची शक्ती यांत कोणती जास्त असते? का?
२. वळणाची त्रिज्या २ मीटर असेल, तर वळायला किती मीटर जागा लागेल?
३. कमान नसलेल्या ट्रॅक्टरवर पट्टा का बांधू नये?
४. तुमच्या वावराकडे जाणारी सर्वांत अरुंद वाट मोजा. फूट-इंचांत लिहा. मग मिलिमीटरमध्ये लिहा.
५. तुमच्या रानाला वर्षात ट्रॅक्टरचे किती तास लागतात? घरातल्या सर्वांना विचारून वहीत मांडा.